वीतभर अंतर

उपग्रह-दूरध्वनी, म्हणजे ज्याला आपण सर्वजण सॅटेलाइट फोन म्हणतो ते यंत्र, आपल्याकडील बहुतेक वाचकांना ठाऊक झाले ते वर्तमानपत्रांतील गुन्हेवृत्तांतून. कोणा परदेशी पाहुण्याच्या सामानात ते विमानतळावर सापडले, पंचनामा झाला, यंत्र जप्त झाले आणि पाहुण्याला न्यायासनासमोर उभे राहावे लागले, अशा बातम्या अधूनमधून येतात. डिसेंबर 2024 मध्ये गोव्यातील दाबोळी विमानतळावर एका परदेशी धावपटू महिलेवर असाच प्रसंग आला, आणि तिच्यापाशी सापडलेले यंत्र तर बोलण्याचेही नव्हते, केवळ संदेश धाडण्याचे होते. या कडकपणाला मुळात आधार मिळाला तो 1885 च्या तार कायद्याचा आणि 1933 च्या बिनतारी संदेशवहन कायद्याचा. नोव्हेंबर 2008 मध्ये समुद्रमार्गे मुंबईवर चालून आलेल्या हल्लेखोरांपाशी असा फोन होता हे उघडकीस आल्यापासून या जुन्या कलमांना नवी धार चढली. थुराया आणि इरिडियम या दोन सेवांना आपल्याकडे साफ मज्जाव आहे, आणि ज्या इन्मारसॅट सेवेला मुभा आहे तीही भारत संचार निगमाच्या मार्फत आणि दूरसंचार विभागाच्या परवान्यानिशीच घ्यावी लागते.

या बंदोबस्ताविरुद्ध माझी तक्रार नाही. ज्या शहराने तो नोव्हेंबर भोगला त्या शहराच्या राज्यातील माणसाने ती करूही नये. मला खटकते ते निराळेच आहे. हे यंत्र कोणी बाळगावे, कोणत्या दप्तरात त्याची नोंद व्हावी, कोणत्या हुकुमाने ते जप्त व्हावे यांविषयी आपले राज्ययंत्र जितके बोलके आहे, तितकेच ते यंत्र माणसाच्या देहापासून, विशेषतः रुग्णाच्या देहापासून आणि त्या देहात वा त्याच्या उशाशी चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपासून किती अंतरावर धरावे याविषयी मुके आहे. परवानाधारकाला नियमांचे बाड मिळते. पण छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने हा फोन कोणत्या कानाला लावावा, हे त्याला त्याच्या भाषेत सांगणारा कागद कोणी हाती देत नाही.

कोणी म्हणेल, मूठभर लोकांपाशी असलेल्या यंत्रासाठी एवढा ऊहापोह कशाला? पण ती मूठ आता उघडत चालली आहे, आणि ज्यांच्या हाती ते जात आहे ते लोक चैनीसाठी ते घेत नाहीत. 2017 च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी वादळ उठले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या नौका अरबी समुद्रात भरकटल्या. त्यांतील साठाहून अधिक नौका नऊशेहून अधिक खलाशांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला, देवगडच्या आश्रयाला येऊन लागल्या, आणि दरम्यानचे दिवस त्यांच्या घरच्या माणसांनी कोणत्या अवस्थेत काढले असतील याची कल्पना कोकणातल्या माणसाला द्यावी लागत नाही. साधा मोबाइल किनारा दिसेनासा होताच मुका होतो, हा धडा त्या वादळाने सर्वांना दिला. पुढे 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे, उपग्रहाद्वारे संदेशांची देवाणघेवाण करणारी यंत्रे एक लाख मासेमारी नौकांवर बसविण्याच्या 360 कोटी रुपयांच्या योजनेचा आरंभ झाला. ही यंत्रे कानाला लावायची नसतात, नौकेवर बसवायची असतात, हे खरे. परंतु आपत्तीच्या वेळी धावून जाणारी पथके, सीमेवरील जवान, दूरच्या पहाडात काम करणारे अभियंते आणि जहाजांवरील नाविक हातात धरायचा उपग्रह फोनच वापरतात, आणि हिमालयातील मोहिमांसाठी नेपाळात जाणाऱ्या मराठी गिर्यारोहकांच्या तळावरही तो असतोच.

आता या सर्व प्रसंगांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. हा फोन ज्या घटकेला बाहेर निघतो त्या घटकेला बहुधा जवळपास कोणीतरी जखमी, आजारी किंवा भेदरलेले असते. घरातला मोबाइल आपण भाजीचा भाव विचारण्यासाठीही उचलतो. उपग्रह फोन दरड कोसळल्यावर, नौकेवर कोणाची छाती भरून आल्यावर, उंच तळावर कोणाच्या फुप्फुसात पाणी साचू लागल्यावर उचलला जातो. सारांश, रुग्णाशी आणि रुग्णाच्या उपकरणांशी या यंत्राची गाठ पडणे हा अपवाद नसून तोच त्याचा नित्याचा व्यवहार आहे.

यंत्राचा स्वभावही निराळा आहे. आपल्या मोबाइलला फार तर काही किलोमीटरांवरच्या मनोऱ्याशी बोलायचे असते. उपग्रह फोनला बोलायचे असते ते अंतराळाशी: इरिडियमचे 66 उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 780 किलोमीटर उंचीवरून फिरतात, तर इन्मारसॅट आणि थुराया यांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरांवर, पृथ्वीच्या गतीशी गती जुळवून, जणू एकाच ठिकाणी खिळल्यासारखे असतात. एवढ्या अंतरावर आवाज पोचवायचा तर घसा मोठा हवा. इरिडियमचा हातातील फोन प्रक्षेपणाच्या क्षणी सुमारे 7 वॉट इतक्या शिखरशक्तीने बोलतो, तर जुन्या जीएसएम मोबाइलची 900 मेगाहर्ट्झवरील शिखरशक्ती 2 वॉट असे. मात्र इरिडियमचे हे बोलणे अखंड नसते. ते तुकड्यातुकड्यांनी होते आणि मधल्या वेळात प्रक्षेपक गप्प असतो, त्यामुळे सरासरी काढली तर ती 0.6 वॉटच्या आसपास उतरते. शिखर आणि सरासरी यांतील हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण देहाला सरासरी बाधते आणि यंत्राला शिखर बाधते, आणि पुढील सर्व विवेचन या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

प्रथम देहाचा प्रश्न. या कंपनसंख्येच्या लहरींचा मानवी ऊतींवर जो परिणाम निर्विवादपणे सिद्ध झाला आहे तो एकच, तो म्हणजे उष्णता. देहाचा एक किलो भाग किती वॉट शक्ती शोषतो हे माप त्यासाठी ठरविले आहे आणि आपल्या सरकारने 1 सप्टेंबर 2012 पासून मोबाइल हँडसेटसाठी दर किलोस 1.6 वॉट, तेही केवळ एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून, अशी मर्यादा घातली आहे. युरोपात ती दहा ग्रॅमवर सरासरी काढून 2 वॉट अशी आहे. म्हणजे निदान या बाबतीत आपला कायदा युरोपाहून कडक आहे, हे सांगताना मला थोडे समाधान वाटते. कर्करोगाच्या भीतीविषयी बोलायचे तर, 2011 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘संभाव्य’ कारकांच्या यादीत घातले तेव्हा मोठा गवगवा झाला. पण जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही, याचा गवगवा कोणी केला नाही. अणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या मानाने या लहरींच्या एका कणाची ऊर्जा सुमारे दशलक्षांशच असते. भीतीची आपली जमाखर्चाची वही अशी उलटी मांडलेली आहे: जे सिद्ध नाही त्यासाठी आपण मनोऱ्यांविरुद्ध मोर्चे काढतो, आणि जे प्रयोगांनी दाखवून दिले आहे ते आपल्या गावीही नसते.

तरीही देहाच्या बाबतीत निष्काळजी राहावे असे नाही. या फोनला मोबाइलसारखा पोटात लपलेला नव्हे तर अंगठ्याएवढा जाड, ओढून बाहेर काढायचा आणि आकाशाकडे करायचा अँटेना असतो, आणि निर्मात्याने सुरक्षिततेचे जे माप घेतलेले असते ते अँटेना पूर्ण बाहेर काढून, सांगितलेल्या स्थितीत धरून घेतलेले असते. तो अर्धवट मिटलेला ठेवून, बोटांनी कवळून किंवा कपाळाला टेकवून बोलणाऱ्या माणसाला त्या मापाचा हवाला देता येत नाही. शिवाय बोटे आणि डोके आड आल्याने संपर्क तुटतो, पुनःपुन्हा लावावा लागतो आणि तेवढा काळ प्रक्षेपण वाढते. डोळ्याच्या भिंगाला रक्ताचा पुरवठा नसल्याने तेथील उष्णता वाहून नेण्याची सोय देहापाशी तोकडी असते, म्हणून अँटेना डोळ्यासमोरून आडवा जाऊ देऊ नये. भारत विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्याने इन्मारसॅटचा उपग्रह आपल्याला नेहमी दक्षिणेच्या अर्ध्या आकाशात शोधावा लागतो. तेव्हा अँटेना आणि दक्षिणेचे आकाश यांच्या मध्ये स्वतःचे डोके येणार नाही असे उभे राहिले म्हणजे संपर्कही चांगला लागतो आणि देहालाही बरे. याहून अधिक चिंता निरोगी माणसाने करावी असे मला वाटत नाही.

पेसमेकरवाल्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या देहात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी घडविलेला पहिला पेसमेकर बसविला. लार्सन त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ जगले, एकामागून एक पेसमेकर बदलत गेले, आणि 2001 साली वारले तेही हृदयविकाराने नव्हे. आज आपल्या शहरांतच नव्हे तर तालुक्यांच्या गावीही पेसमेकर बसविलेली माणसे सहज भेटतात. हे यंत्र केवळ ठोके देत नाही, आधी ते ऐकते. हृदयाचा स्वतःचा ठोका पडला तर ते गप्प राहते, न पडला तरच विजेचा सूक्ष्म धक्का देते. आणि ज्या संकेतावरून ते हा निवाडा करते तो अवघ्या काही मिलिव्होल्टांचा असतो. ऐकण्याच्या या नाजूकपणातच त्याची उपयुक्तता आहे आणि त्यातच त्याचा धोका.

उपग्रह फोनची लहर 1600 मेगाहर्ट्झच्या आसपासची असते, म्हणजे सेकंदाला एकशेसाठ कोटी आंदोलने. हृदयाचा ठोका सेकंदाला एक किंवा थोडा अधिक. इतक्या दूरच्या दोन स्वरांची गल्लत होईल कशी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर त्या तुकड्यातुकड्यांच्या बोलण्यात आहे. इरिडियमच्या प्रक्षेपणाचे चक्र 90 मिलिसेकंदांचे असते, म्हणजे फोन सेकंदाला सुमारे अकरा वेळा पेटतो आणि विझतो. पेसमेकरच्या तारेने पकडलेली ही लहर आतील मंडलात शिरली तर तिची मूळची वेगवान आंदोलने गळून पडतात आणि उरते ते हे पेटणे-विझणे. आणि सेकंदाला अकरा हा आकडा जीवशास्त्रीय संकेतांच्या परिसरातलाच आहे. यंत्राला वाटू शकते की हृदय स्वतःच धडधडत आहे आणि ते धक्का द्यायचे थांबते. किंवा वरच्या कप्प्यातील तारेवर आलेला गोंगाट खरा मानून ते खालच्या कप्प्याला घाई करू लागते. किंवा गोंगाट ओळखून, कोणाचेच न ऐकता, ठरावीक गतीने ठोके देत राहते. यांतील शेवटची वागणूक सर्वांत निरुपद्रवी. ज्या रुग्णाच्या छातीत धक्का देऊन जीवघेणी धडधड मोडणारे डिफिब्रिलेटर बसविलेले असते, त्याच्या बाबतीत चूक झाली तर कारण नसता जागेपणी विजेचा झटका बसू शकतो; तो अनुभवलेले लोक छातीवर लाथ बसल्यासारखे वाटले असे सांगतात.

हा तर्क आहे की अनुभव? 1997 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डेव्हिड हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 980 पेसमेकरधारकांवर केलेल्या 5,533 चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचण्या त्या काळच्या मोबाइलांच्या होत्या, उपग्रह फोनच्या नव्हेत, हे आधीच सांगतो. कोणत्याही स्वरूपाचा व्यत्यय 20 टक्के चाचण्यांत आढळला. वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा व्यत्यय 6.6 टक्के चाचण्यांत. पण त्याच निबंधातले दुसरे वाक्य अधिक मोलाचे आहे: फोन नेहमीसारखा कानाला लावला असता असा महत्त्वाचा व्यत्यय एकदाही आला नाही. तो आला फोन छातीवर, यंत्राच्या अगदी जवळ धरला तेव्हा. ज्या पेसमेकरांत तारा आत शिरण्याच्या जागी नको त्या लहरी अडविणारी गाळणी बसविलेली होती, त्यांच्यात व्यत्ययाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी उतरले, आणि आजच्या यंत्रांत अशी गाळणी असतेच. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही; अंतर राखण्याचे आहे. जगभर रूढ झालेला संकेत सहा इंचांचा, म्हणजे 15 सेंटिमीटरांचा आहे, आणि आपल्या हाताची वीत त्याहून मोठीच भरते. फोन आणि छातीतील यंत्र यांच्यात एक वीत; यंत्र डाव्या खांद्याखाली असेल तर फोन उजव्या कानाला; शर्टाच्या खिशात फोन नाही, बंद असला तरीही नाही, कारण फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो आणि चुंबक जवळ आला की पेसमेकर ऐकणे सोडतो व डिफिब्रिलेटर झटका देण्याचे कर्तव्य स्थगित ठेवतो. 2021 मध्ये चुंबक बसविलेल्या एका नव्या मोबाइलने डिफिब्रिलेटर असेच स्थगित झाल्याचे अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले आणि निर्मात्यालाही तोच सहा इंचांचा इशारा द्यावा लागला.

गिर्यारोहकांसाठी येथे एक खास सूचना आहे, जी कोणत्याही माहितीपत्रकात मला ठळक अक्षरांत दिसलेली नाही. उपग्रहाद्वारे मजकूर धाडणारी जी छोटी यंत्रे परदेशी मोहिमांत सर्रास वापरली जातात, ती आकाश खुले दिसावे म्हणून पाठपिशवीच्या खांदापट्ट्याला, कॉलरबोनच्या जरा खाली अडकविण्याचा प्रघात आहे. आणि पेसमेकर बसवितात ती जागाही नेमकी तीच, बहुधा डाव्या कॉलरबोनखालची. साठीनंतर पेसमेकर बसवून घेऊन, डॉक्टरांच्या अनुमतीने एव्हरेस्टच्या तळापर्यंत चालत जाणाऱ्या उत्साही मंडळींची संख्या वाढते आहे. त्यांनी हे यंत्र उजव्या पट्ट्याला, किंवा त्याहून उत्तम म्हणजे पिशवीच्या माथ्यावर लावावे. हेडफोन वापरणाऱ्यांचीही एक फसगत होते: डोक्यापासून अँटेना दूर गेला या समाधानात ते फोन गळ्यात अडकवितात आणि तो थेट छातीवर लोंबत राहतो. कानाचे श्रवणयंत्र असणाऱ्यांना मात्र हेडफोन किंवा स्पीकर हा खरा दिलासा आहे, कारण फोनच्या पेटण्या-विझण्याने त्या यंत्रात भुणभुण उठते. तिच्याने अपाय होत नाही, पण तीत संकटाच्या वेळी पलीकडचा शब्द हरवणे हाच अपाय.

देहाबाहेरील उपकरणांचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो, कारण तेथे रुग्णाला स्वतः सावध राहता येत नाही. विद्युत वैद्यकीय उपकरणांनी बाह्य लहरींपुढे किती टिकाव धरावा याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. रुग्णालयातील सामान्य उपकरणासाठी ते 3 व्होल्ट प्रतिमीटर आणि घरी वापरायच्या उपकरणासाठी 10 व्होल्ट प्रतिमीटर इतके क्षेत्र धरते. 2014 मध्ये या मानकाची चौथी आवृत्ती निघाली तेव्हा, मोबाइल आता रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचला आहे हे ओळखून, हाताच्या अंतरावर धरलेल्या प्रक्षेपकांसाठी 28 व्होल्टांपर्यंतच्या जादा चाचण्या घालण्यात आल्या. सुधारणा दूरदर्शी होती; पण तिच्या तक्त्यावरून नजर फिरविली म्हणजे दिसते की त्यात पोलिसांच्या वॉकीटॉकीचे पट्टे आहेत, मोबाइलचे आहेत, वाय-फायचे आहेत, आणि 960 मेगाहर्ट्झपासून 1700 मेगाहर्ट्झपर्यंतचा प्रदेश मात्र रिकामा आहे. उपग्रह फोन 1610 ते 1660 मेगाहर्ट्झच्या टापूत बोलतो, म्हणजे नेमका त्या रिकाम्या प्रदेशात. तेथे उपकरणाची कसोटी लागते ती फक्त 3 किंवा 10 व्होल्टांची. त्याच मानकात दिलेल्या सूत्राने हिशेब केला तर 7 वॉट शिखरशक्तीच्या फोनचे क्षेत्र 10 व्होल्टांवर येण्यास सुमारे 1.6 मीटर आणि 3 व्होल्टांवर येण्यास सुमारे 5.3 मीटर अंतर लागते. याचा अर्थ असा नव्हे की पाच मीटरांच्या आत फोन लावताच सलाइनचा पंप बंद पडेल. चाचणीची मर्यादा म्हणजे बिघाडाची मर्यादा नव्हे, आणि पुष्कळ उपकरणे मानकाहून दणकट असतात. अर्थ एवढाच की त्या अंतराच्या आत काय होईल याची हमी कोणी दिलेली नाही.

आता मदतछावणीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. उपग्रह फोन छताखाली चालत नाही, म्हणून बोलणारा माणूस तंबूच्या दाराशी, शाळेच्या व्हरांड्यात, रुग्णवाहिकेच्या उघड्या मागच्या दाराला पाठ टेकून उभा राहतो, आणि रुग्णाला उजेड व वारा मिळावा म्हणून खाटही तिथेच लावलेली असते. पोर्टेबल व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, हृदयगती दाखविणारा मॉनिटर, एखाद्या मधुमेह्याच्या कमरेचा इन्सुलिन पंप, सारे त्या दोन-तीन मीटरांत. डॉक्टर शहरातल्या तज्ज्ञाशी बोलत बोलत रुग्णावर वाकतो आणि मॉनिटरवर वेडीवाकडी रेषा उमटते. ती रुग्णाची आहे की फोनची हे तेव्हा ओळखायचे कोणी आणि कसे? दहा पावले उघड्यावर जाऊन बोलावे, आणि उपकरण विचित्र वागू लागले तर आधी फोन दूर न्यावा, मग औषधाचा विचार करावा, एवढे पथकातील प्रत्येकाला ठाऊक असले म्हणजे पुरे. पेटीच्या आकाराचे, सपाट अँटेनाचे जे उपग्रह-टर्मिनल अशा छावण्यांत इंटरनेटसाठी मांडतात, त्याच्या तोंडासमोर कोणी बसणार नाही अशी दोरी बांधावी. नौकांवर वा रुग्णवाहिकांवर बाहेरचा अँटेना बसविला तर तो टपावर, खाटेच्या थेट वर नसलेल्या जागी असावा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला वजनदार वाटतो. संकटात सापडलेला माणूस आधीच गोंधळलेला असतो; त्याच्या हाती इशाऱ्यांची जंत्री दिली तर तो फोन उचलायलाच कचरेल, आणि वेळेवर न केलेल्या एका फोनने जितके जीव जातील तितके लहरींच्या व्यत्ययाने जाण्याचा संभव नाही. हे मान्य केलेच पाहिजे. पेसमेकर असलेला तांडेल एकटाच शुद्धीवर असेल तर त्याने क्षणाचाही विलंब न करता, उजव्या कानाला की डाव्या याचा घोळ न घालता, बोलावे. मेयो क्लिनिकच्या चाचण्यांतही फोन दूर नेताच व्यत्यय ओसरला होता. पण या आक्षेपाचे उत्तर माहिती दडविण्यात नाही, ती संकटाच्या आधी देण्यात आहे. ज्याला वीतभर अंतर आधीपासून ठाऊक आहे त्याचा हात त्या क्षणी आपोआप तेवढा दूर राहतो. ज्याला काहीच ठाऊक नाही तोच ऐनवेळी ऐकीव भीतीने गांगरतो.

आणि आधी देण्याची सोय सरकारपाशी आहेच. उपग्रह फोन ही आपल्याकडे दुकानात जाऊन घेण्याची वस्तू नाही. प्रत्येक यंत्र परवान्याच्या अर्जातून, शिक्क्यांतून आणि नोंदवहीतून जाते. जी राजवट यंत्र कोणाच्या ताब्यात आहे याची खातरजमा करू शकते, ती त्याच वेळी त्या माणसाच्या हाती मराठीत छापलेला, चित्रांचा एक कागद ठेवू शकते, आणि ‘तुमच्या वा तुमच्या पथकातील कोणाच्या देहात पेसमेकर, डिफिब्रिलेटर वा अन्य उपकरण आहे काय’ हा एक रकाना अर्जात वाढवू शकते. हृदयरोगतज्ज्ञांनीही पेसमेकरच्या ओळखपत्राबरोबर रुग्णाला मोबाइलविषयी दोन शब्द सांगताना, दर्यावर वा डोंगरात जाणाऱ्यांना या फोनविषयी तिसरा शब्द सांगावा. मानकातील तो रिकामा टापू भरण्याचे काम आंतरराष्ट्रीय समितीचे आहे. पण अशा समित्यांवर भारताचे प्रतिनिधीही असतात, आणि आपत्तीत उपग्रह फोनावर विसंबणाऱ्या एवढ्या मोठ्या देशाने हा मुद्दा मांडला तर तो आगाऊपणा ठरणार नाही.

किनाऱ्यापुरते बोलायचे तर वेळही ठरलेलीच आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, नौका वर ओढलेल्या असतात, डागडुजी चालते, आणि याच सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांतील आपत्ती नियंत्रण कक्षांत पावसाळ्यासाठी उपग्रह फोन तपासून पाहिले जातात. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याने आणि तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने एक दुपार बंदरावरच्या सोसायटीच्या कचेरीत एकत्र बसावे, टपावरील अँटेनाची जागा नौकेवर जाऊन पाहावी, आणि खलाशांपैकी कोणाच्या छातीत यंत्र आहे हे विचारून घ्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, तरतूदही लागलीच तर छपाईपुरती.